क्लासवर शिकवणाऱ्यांचा कापलेला टीडीएस परत मिळतो, पण 31 डिसेंबरच्या आत रिटर्न भरलं तरच

तालुक्याच्या गावातले स्पोकन इंग्लिशचे वर्ग, स्पर्धा परीक्षेच्या अकादम्या, दहावी-बारावीचे खाजगी क्लास आणि तासिका तत्त्वावर चालणारी महाविद्यालयं, या सगळ्या ठिकाणी शिकवणाऱ्यांच्या हाती ठरलेल्या मानधनापेक्षा कमी पैसे पडतात. विचारलं की ऑफिसातून उत्तर मिळतं, "टीडीएस कापलाय." बहुतेकांना वाटतं की गेले ते पैसे गेले. प्रत्यक्षात ज्याचं वर्षाचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आहे, त्याचा कापलेला एकेक रुपया सरकारकडून परत मिळू शकतो. त्यासाठी अट एकच, आयकराचं रिटर्न भरायला हवं. न मागता हा पैसा कुणाच्या खात्यात येत नाही.

आर्थिक वर्ष 2024-25, म्हणजे 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळात झालेल्या कपातीसाठी रिटर्नची नेहमीची मुदत वाढत वाढत 16 सप्टेंबर 2025 पर्यंत गेली होती. ती संपली. उशिराचं रिटर्न भरायला 31 डिसेंबर 2025 पर्यंत वेळ होता. त्यानंतर सरळ मार्ग बंद होतो.

दहा टक्के का कापतात?

क्लासवाल्यानं शिक्षकाला पगारी नोकर म्हणून ठेवलं असेल तर कपात कलम 192 खाली होते आणि वर्षाच्या शेवटी फॉर्म 16 मिळतो. अशा नोकरीत वर्षाच्या अंदाजे पगारावर कर बसतच नसेल, तर सहसा काही कापलं जात नाही. पण खाजगी क्लासचे मालक शिक्षकाला नोकर म्हणून दाखवायला फारसे राजी नसतात. पीएफ, ग्रॅच्युइटी, हजेरीपट, सगळंच मागे लागतं. मग शिक्षकाला 'व्हिजिटिंग फॅकल्टी' म्हणायचं आणि त्याची रक्कम व्यावसायिक फी म्हणून दाखवायची. तिथे कलम 194 जे लागतं आणि सरसकट 10 टक्के कापले जातात. शिक्षकाचं एकूण उत्पन्न किती, तो गरीब की श्रीमंत, हे या कलमात कुणी बघत नाही.

एका संस्थेकडून वर्षाला 30 हजार रुपयांपर्यंत मिळाले तर कपात नाही, अशी मर्यादा 2024-25 मध्ये होती. 1 एप्रिल 2025 पासून ती 50 हजार झाली. त्यामुळे तेव्हापासून आठवड्याला दोन-चार तास घेणाऱ्यांची कपात बऱ्याच ठिकाणी थांबायला हवी. थांबली नसेल तर क्लासच्या हिशेबनिसाला नवी मर्यादा दाखवून द्यावी.

पॅन दिलेला नसेल तर 10 च्या जागी 20 टक्के जातात. पॅन आहे पण आधारशी जोडलेला नाही, तरी तेच. शिवाय असा निष्क्रिय पॅन असताना रिफंडही निघत नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही. जोडणीसाठी 1,000 रुपये शुल्क आहे, ते भरून आधी हे काम उरकावं.

किती परत मिळेल?

समजा एखादी ताई तालुक्याच्या गावी स्पोकन इंग्लिश शिकवते. महिन्याला ठरले 18 हजार, हातात पडतात 16 हजार 200. वर्षाचे झाले 2 लाख 16 हजार आणि कापले गेले 21 हजार 600. नव्या करपद्धतीत 2024-25 साठी 3 लाखांपर्यंत करच नाही. दुसरं उत्पन्न नसेल तर तिला 21 हजार 600 च्या 21 हजार 600 परत मिळतील. बी-बियाण्याच्या किंवा पोराच्या फीच्या वेळी ही रक्कम काय असते, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण थोडं मोठं. महिन्याला 30 हजार, वर्षाचे 3 लाख 60 हजार, कपात 36 हजार. खर्च काहीच वजा केला नाही असं धरलं तरी 3 लाखांच्या वरच्या 60 हजारांवर 5 टक्क्यांनी 3 हजार कर होतो आणि 87 ए ची सूट मिळून तोही शून्य होतो. ही सूट नव्या पद्धतीत त्या वर्षासाठी 7 लाखांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत आहे. पण रिटर्न उशिराचं असेल, तर 1,000 रुपये विलंब शुल्क वजा होऊन 35 हजार मिळतील.

या शुल्काचा नियम नीट समजून घ्यावा, कारण यावरून उगाच घाबरवलं जातं. एकूण उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे विलंब शुल्क नाही. 3 ते 5 लाखांत 1,000 आणि 5 लाखांच्या वर 5,000. एक अपवाद आहे. वर्षभरात कापलेला टीडीएस 25 हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरणं सक्तीचं असतं (60 वर्षांवरच्यांना ही रक्कम 50 हजार). मग उशीर झाला की 1,000 रुपये बसू शकतात. हे पैसे वेगळे भरायची गरज नसते, रिफंडातूनच वळते होतात.

व्याजाचंही गणित आहे. महिन्याला अर्धा टक्का. वेळेत रिटर्न भरणाऱ्याला ते 1 एप्रिलपासून मिळतं, उशिरा भरणाऱ्याला रिटर्न भरल्याच्या तारखेपासून. आलेलं व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचं असतं, बहुतेक जण ते विसरतात.

आधी बघायचं, कापलेले पैसे भरले का?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. क्लासवाल्यानं कापले आणि सरकारात भरले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षकाच्या पॅनवर किती जमा झालं ते फॉर्म 26 एएस मध्ये दिसतं. आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर (इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन) पॅन टाकून खातं उघडता येतं आणि तिथूनच हा फॉर्म पाहता येतो. मोबाइलवर 'एआयएस फॉर टॅक्सपेअर' हे विभागाचं अ‍ॅप आहे, त्यातही वर्षभराच्या नोंदी येतात. नोंदीत क्लासचं नाव, कलम, रक्कम आणि कपात, चारही गोष्टी बरोबर आहेत का ते बघावं.

संस्थेनं फॉर्म 16 ए द्यायचा असतो. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची संस्थेची मुदत 31 मे आणि त्यानंतर 15 दिवसांत प्रमाणपत्र शिक्षकाच्या हातात पडलं पाहिजे. म्हणजे 2024-25 चे सगळे 16 ए जून 2025 मध्येच मिळायला हवे होते. अजून मिळाले नसतील तर लेखी मागावेत, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तो पुरावा राहतो.

26 एएस कोरं निघालं तर दोन शक्यता असतात. एक, क्लासवाल्यानं पैसे भरले पण विवरण भरलं नाही किंवा पॅन चुकीचा टाकला. हे दुरुस्त होतं, त्यानं सुधारित विवरण भरायचं असतं. विवरणाला उशीर झाला की त्याला दिवसाला 200 रुपये शुल्क लागतं, हे त्याला आठवण करून दिलं की काम लवकर हलतं. वीस टक्के कापले गेलेल्यांनी पॅन नंतर दिला असेल, तर त्यांच्याही नोंदीसाठी हीच दुरुस्ती लागते.

दुसरी शक्यता वाईट. पैसे कापले आणि खिशात घातले. इथे एक गोष्ट बऱ्याच शिक्षकांना माहीत नसते. क्लास जर एका माणसाच्या मालकीचा असेल, तर त्याला हा टीडीएस कापायचं बंधन प्रत्येक वेळी नसतं. आदल्या वर्षीची उलाढाल धंद्यात 1 कोटीच्या वर किंवा व्यवसायात 50 लाखांच्या वर असेल, तेव्हाच ते लागू होतं. संस्था, ट्रस्ट, कंपनी किंवा भागीदारी असेल तर ही सवलत नाही. कापणाऱ्याकडे टॅन, म्हणजे कपात खाते क्रमांक, असावाच लागतो. पन्नास पोरांचा, एका खोलीतला क्लास चालवणारा मालक दर महिन्याला 'टीडीएस' कापत असेल, तर आधी टॅन विचारावा. ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर 'नो टॅन डिटेल्स' मध्ये तो खरा की खोटा ते लॉगिन न करताही कळतं. टॅनच नसेल तर तो टीडीएस नाही, ती सरळ पगारकपात आहे आणि तिची मागणी आयकर खात्याकडे नाही, मालकाकडेच करायची.

टॅन आहे, कपात केली, पण भरणा केला नाही, हा मात्र गुन्हा आहे. कलम 276 बी खाली 3 महिने ते 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. कायद्याच्या कलम 205 प्रमाणे, पगारातून किंवा फीमधून एकदा कर कापला गेला की तोच कर खातं शिक्षकाकडून पुन्हा वसूल करू शकत नाही. पण रिफंड हवा तर 26 एएस मध्ये नोंद दिसावी लागते, ही व्यवहारातली अडचण उरतेच. म्हणून मानधनाच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि मालकाचे मेसेज जपून ठेवावेत आणि संकेतस्थळावरच्या 'ग्रिव्हन्सेस' मधून तक्रार टाकावी.

कोणता फॉर्म?

फॉर्म 16 वाला पगारदार असेल तर आयटीआर-1, ज्याला सहज म्हणतात. 194 जे ची कपात असलेल्यांनी मात्र सहज भरू नये. गावातल्या सेतू केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांतून सर्रास तोच भरला जातो, कारण तो सोपा आहे. त्यात व्यावसायिक उत्पन्नाला जागाच नाही. मग ती रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून टाकतात, नोंदी जुळत नाहीत आणि रिटर्न सदोष असल्याची नोटीस येते. तिला उत्तर द्यायला 15 दिवस असतात. मेल आयडी केंद्रवाल्याचा टाकलेला असेल तर नोटीस आल्याचंही कळत नाही आणि रिफंड लटकतो.

अशांसाठी आयटीआर-3 किंवा आयटीआर-4 (सुगम) आहे. सुगममध्ये अंदाजे नफा धरायची सोय आहे. मात्र 44 एडीए कलमाच्या यादीत डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट वगैरे आहेत, शिक्षकाचं नाव त्यात नाही. त्यामुळे काही सल्लागार शिक्षकाला 44 एडी मध्ये बसवतात, काही 44 एडीए मध्येच भरतात, काही सरळ आयटीआर-3 करतात. आपल्या सल्लागाराला ते का, हे विचारायला लाजू नये. वरच्या उदाहरणातल्या ताईसारखं उत्पन्न असेल, तर नफा निम्मा धरा नाहीतर सगळी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवा, कर शून्यच येतो. तेव्हा कमी उत्पन्नवाल्यानं सगळी रक्कम दाखवण्यात नुकसान काहीच नाही आणि उद्या कुणी प्रश्न विचारायची भानगड राहत नाही.

वर्ष निवडताना गोंधळ होतो तो असा. आर्थिक वर्ष 2024-25 चं रिटर्न भरताना संकेतस्थळावर निर्धारण वर्ष 2025-26 निवडायचं. चुकून 2024-25 निवडलं तर सगळंच आदल्या वर्षावर जातं. नवा आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे, त्यात ही दोन वर्षांची भाषा जाऊन एकच 'कर वर्ष' आहे आणि कलमांचे नंबरही वेगळे आहेत. पण 2024-25 च्या कपातीला जुनाच कायदा लागतो.

भरून झालं, पण काम संपलं नाही

रिटर्न पाठवल्यावर 30 दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की झालं. मोबाइल नंबर जुना असेल, बंद असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्यावा. नाहीतर आयटीआर-व्ही ची छापील प्रत सही करून स्पीड पोस्टानं बेंगळुरूच्या केंद्रात पाठवायची, पिन 560500. पडताळणी राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरणाऱ्यांची इथे हटकून फसगत होते.

रिफंड फक्त आधीच 'प्री-व्हॅलिडेट' केलेल्या खात्यात येतो. खातं पॅनशी जोडलेलं हवं आणि नाव दोन्हीकडे सारखं हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं इथे हमखास अडतं, कारण पॅनवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं. दोन्हींपैकी एक आधी दुरुस्त करावं. विदर्भ आणि कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक सूचना. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. तिथे खातं असलेल्यांनी शाखेत जाऊन सध्याचा आयएफएससी कोड विचारून घ्यावा आणि संकेतस्थळावर तोच आहे ना ते बघावं. रिफंड परत गेलाच तर घाबरायचं कारण नाही, खातं दुरुस्त करून 'रिफंड रि-इश्यू' ची विनंती टाकता येते.

पडताळणीनंतर साधारण चार-पाच आठवड्यांत पैसे येतात, कधी जास्तही लागतात. कायद्यानं प्रक्रिया करायला विभागाला रिटर्न भरलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून 9 महिने आहेत. आधीच्या कुठल्या वर्षाची थकबाकी पॅनवर दिसत असेल तर रिफंड तिकडे वळता करण्याआधी सूचना येते. थकबाकी मान्य नसेल तर 21 दिवसांत तसं कळवावं. गप्प बसलं तर ती मान्य धरतात. अडचण आल्यास विभागाचे मोफत क्रमांक 1800 103 0025 आणि 1800 419 0025 आहेत.

31 डिसेंबर चुकला तर

'अपडेटेड रिटर्न' भरून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नयेत. त्या रिटर्नमध्ये जादा कर भरता येतो, रिफंड मागता येत नाही. उरतो तो विलंब माफीचा अर्ज, कलम 119 (2) (बी) खालचा. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे निर्धारण वर्ष संपल्यापासून 5 वर्षांच्या आत तो करता येतो. 1 कोटीपर्यंतच्या रकमेचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त देतात. उशीर का झाला याचं खरं कारण आणि कागद द्यावे लागतात, म्हणजे आजारपणाची कागदपत्रं, किंवा संस्थेनं 16 ए उशिरा दिल्याचा पुरावा. मंजूर झाला तरी उशिरा मागितलेल्या रिफंडवर व्याज नाही. पण मुद्दल तर मिळते. कोविडच्या काळात, 2020-21 मध्ये ऑनलाइन तास घेतलेल्यांचे पैसे कापले गेले असतील, तर त्यांना या मार्गानं 31 मार्च 2027 पर्यंत अर्ज करता येतो.

एजंट आणि खोटे मेसेज

"दुप्पट रिफंड काढून देतो, निम्मे आमचे" असं सांगणारे बाजारच्या दिवशी भेटतात. ते राजकीय पक्षाला देणगी, अपंगाचा औषधोपचार अशा खोट्या वजावटी दाखवतात. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागानं देशभरात अशाच टोळ्यांवर छापे घातले. पकडलं तर दंड एजंटाला नाही, ज्याचा पॅन त्याला. उत्पन्न चुकीचं दाखवल्याबद्दल तो बुडवलेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो. आणि एक साधी खूण आहे. उशिराचं रिटर्न फक्त नव्या करपद्धतीत भरता येतं आणि तिथे 80 सी सारख्या वजावटी चालतच नाहीत. डिसेंबरमध्ये कुणी विमा, देणगी दाखवून रिफंड वाढवतो म्हणाला, तर तो एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड.

"आपला रिफंड मंजूर झाला आहे, खाते तपासण्यासाठी लिंक दाबा" असे मेसेज तर कायमच येतात. विभाग रिफंडासाठी कधीही लिंक पाठवून एटीएम पिन, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागत नाही. लिंक दाबून पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा. पहिल्या तासाभरात केला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

परदेशी शिक्षकांचं काय?

पुण्या-मुंबईच्या भाषा वर्गांत जर्मन, जपानी, फ्रेंच शिकवणारे काही शिक्षक परदेशी असतात. त्यांनाही रिफंड मिळतो, पण नियम थोडा फिरतो. वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला शिक्षक सहसा रहिवासी धरला जातो आणि त्याला वरचेच नियम लागतात. कमी राहिलेल्याची कपात 194 जे नाही, 195 कलमाखाली होते. 3 लाखांची करमुक्त मर्यादा त्यालाही आहे, 87 ए ची सूट मात्र नाही. पॅनचा अर्जही वेगळा असतो. मायदेशी परतलेल्या आणि इथलं खातं बंद केलेल्या अनिवासी शिक्षकाला परदेशातल्या खात्याचा नंबर देता येतो.

पुढच्या वर्षी कपातच टाळायची असेल तर

बँकेत मुदत ठेवीसाठी देतो तो फॉर्म क्लासमध्ये देऊन उपयोग नाही, व्यावसायिक फीला तो चालत नाही. त्याऐवजी ऑनलाइन अर्ज भरून कमी किंवा शून्य कपातीचं प्रमाणपत्र आयकर अधिकाऱ्याकडून मिळवता येतं. त्यात मागच्या वर्षांची रिटर्न बघतात, त्यामुळे ज्यानं कधीच रिटर्न भरलं नाही त्याला ते मिळणं अवघड जातं. प्रमाणपत्र त्या संस्थेच्या टॅनवर निघतं. शिक्षक दोन क्लासवर शिकवत असेल तर अर्जात दोन्हींचे टॅन द्यावे लागतात.